मिरीचा दर कुठे ठरतो आणि सरकारी मदत कुठे थांबते

गोव्यात मसाला पिकांना सरकार काहीच मदत करत नाही, अशी तक्रार बागायतदारांच्या बैठकांतून नेहमी ऐकू येते. ती मला पटत नाही. मिरीच्या रोपांना, जायफळाच्या कलमांना, ठिबक सिंचनाला, पंपाला, कुंपणाला अनुदान मिळते. केंद्राचे एकात्मिक फलोत्पादन विकास अभियान आहे, राज्याच्या कृषी खात्याच्या स्वतःच्या योजना आहेत, आणि विभागीय कृषी कार्यालयांतील बरेच अधिकारी मनापासून काम करतात. माझा आक्षेप वेगळा आहे. यातली बहुतेक मदत वेल लावण्यापर्यंत आणि वाढवण्यापर्यंत पोहोचते, आणि घोस काढला की जवळपास संपते. शेतकऱ्याच्या हाती किती पैसे पडणार, हे मात्र मिरीच्या बाबतीत घोस काढताना आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत ठरते. सरकारचे पैसे एका टोकाला खर्च होतात आणि नफा-तोटा दुसऱ्या टोकाला ठरतो, ही आपल्या मसाला धोरणातली मूळ अडचण आहे.

हे समजण्यासाठी आधी कुळागर समजून घ्यावे लागते. फोंडा, सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या तालुक्यांत डोंगराच्या कुशीतल्या झऱ्याचे पाणी पाटाने खाली आणून त्यावर पोफळी आणि माड वाढवलेले असतात, पोफळीवर मिरीची वेल चढवलेली असते, सावलीत जायफळ, केळी, अननस आणि कडेने भिरंड (कोकम), दालचिनी अशी झाडे असतात. या रचनेत मिरीचे स्वतंत्र क्षेत्र असे नसते. सरकारी योजना मात्र बहुधा हेक्टरी हिशेबाने आखलेल्या असतात, आणि त्या हिशेबात कुळागर ही सुपारीची बाग ठरते. ज्या पिकाचे क्षेत्र नीट मोजले जात नाही, त्याचे उत्पन्नही नीट मोजले जात नाही, आणि ज्याचे उत्पन्न मोजले जात नाही त्याच्या विक्रीची चिंता कोणी वाहत नाही. वस्तुस्थिती अशी आहे की सुपारीला कोळेरोग लागला किंवा माकडांनी नारळ फस्त केले, तर त्या वर्षी घरखर्च पुष्कळदा मिरी आणि जायफळ यांच्यावरच भागतो.

आता दराकडे वळू. २०१४ ते २०१६ या काळात काळ्या मिरीचा दर किलोला सातशे रुपयांच्या आसपास गेला होता. २०२० च्या सुरुवातीला तो साडेतीनशेच्याही खाली आला. या घसरणीत गोव्यातल्या किंवा केरळातल्या बागायतदाराचा काहीच दोष नव्हता. व्हिएतनाम हा जगातला सर्वांत मोठा मिरी उत्पादक देश आहे, आणि तिथे त्या काळात उत्पादन प्रचंड वाढले होते. आग्नेय आशियातल्या आसियान देशांशी झालेल्या मुक्त व्यापार करारानंतरही व्हिएतनामच्या मिरीवर आपण बऱ्यापैकी आयात शुल्क लावत होतो, परंतु श्रीलंकेशी झालेल्या मुक्त व्यापार करारानुसार वर्षाला अडीच हजार टन मिरी शुल्काशिवाय येऊ शकते, आणि सार्क देशांच्या करारानुसार त्यापुढच्या मालावरचे शुल्कही अल्प आहे. व्हिएतनामचा माल श्रीलंकेचा म्हणून आत येतो, अशी तक्रार दक्षिणेतल्या मिरी उत्पादक संघटनांनी सातत्याने केली. तेव्हा डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने किलोला पाचशे रुपये अशी किमान आयात किंमत ठरवली आणि मार्च २०१८ मध्ये त्याहून कमी किमतीच्या मिरीच्या आयातीवर बंदी घातली.

हा निर्णय योग्य होता, असे मी मानतो. पण त्याने काय साधले, हे प्रामाणिकपणे पाहायला हवे. किमान आयात किंमत पाचशे असताना देशातला दर तीनशेच्या घरात उतरला, म्हणजे सीमेवर लावलेली किंमत शेतकऱ्याच्या अंगणापर्यंत पोहोचली नाही. निर्यातीसाठी प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांना सवलत होती, चोरट्या मार्गाने माल येत असल्याच्या तक्रारी होत्या, आणि कागदावर पाचशेची किंमत दाखवणे हेही काही अशक्य काम नव्हे. पुढे दर चढला तो मुख्यतः दुसऱ्याच कारणाने: पडलेल्या दराला कंटाळून व्हिएतनाममधल्या शेतकऱ्यांनी मिरी काढून ड्युरियन आणि कॉफीकडे मोर्चा वळवला, तिथले उत्पादन घटले, आणि २०२३ मध्ये आपल्याकडचा दर पुन्हा सहाशेच्या वर गेला. फोंडा तालुक्यातल्या सावईवेरेच्या बागायतदाराचे उत्पन्न व्हिएतनामच्या डोंगरावरचा शेतकरी काय लावतो यावर अवलंबून आहे, आणि त्यावर पणजीतल्या सरकारचे काही चालत नाही. हे मान्य केले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: ज्यावर राज्य सरकारचे काही चालू शकते, असे या साखळीत काय आहे?

माझ्या मते पुष्कळ आहे, आणि ते सगळे काढणी आणि विक्री यांच्या दरम्यान आहे. मिरी काढण्याची योग्य वेळ म्हणजे घोसातले एक-दोन दाणे पिकून तांबूस होतात ती. एका वेलीवरचे सगळे घोस एकाच दिवशी या अवस्थेला येत नाहीत, म्हणून दोन-तीन वेळा तोडणी करावी लागते. पण पोफळीला शिडी लावून वर चढणारा माणूस आता गावात सहज मिळत नाही. मिळाला तर एक दिवस मिळतो, आणि त्या दिवशी तो पिकलेले, न पिकलेले सगळेच घोस उतरवतो. कोवळा दाणा वाळला की हलका पडतो. व्यापारी लिटरचे माप भरून त्यातल्या मिरीचे वजन करतो: साडेपाचशे ग्रॅम भरले तर माल उत्तम, त्याखाली जसजसे वजन उतरेल तसतसा दर उतरतो. मजुराची टंचाई ही अशी थेट दरात उतरते, आणि वेलीसाठी कितीही अनुदान दिले तरी ती भरून निघत नाही.

त्यापुढे वाळवणी. तीन किलो हिरव्या मिरीची साधारण एक किलो सुकी मिरी होते, आणि ती टिकायची तर तिच्यातला ओलावा अकरा टक्क्यांच्या आसपास आणावा लागतो. घोसापासून सुटे केलेले दाणे जाळीच्या टोपलीतून एक मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून काढले तर ते लवकर वाळतात आणि एकसारखे काळेभोर दिसतात. ही पद्धत कोळिकोडच्या भारतीय मसाला पीक संशोधन संस्थेने वर्षानुवर्षे सांगितलेली आहे आणि तिला खर्चही फारसा येत नाही. तरीही आपल्याकडे बहुतेक घरांत मिरी अंगणात ताडपत्रीवर पसरली जाते. कुळागराच्या सावलीतल्या घराला ऊन दुपारचे चार तास मिळते, रात्री दव पडते, दाणे आत ओले राहतात आणि दहा-पंधरा दिवसांनी पोत्यात पांढरी बुरशी दिसू लागते. व्यापारी मूठभर मिरी हातावर घेतो, नखाने दाणा दाबून पाहतो, आणि किलोमागे पन्नास रुपये कमी सांगतो. त्याच्या दृष्टीने तो बरोबर असतो, कारण पुन्हा वाळवण्याचा खर्च आणि घट त्याला सोसायची असते. पण हेच पन्नास रुपये बागायतदाराची वर्षाची बचत असते.

यावर ठरलेले उत्तर म्हणजे यंत्राला अनुदान. मिरी मळण्याचे यंत्र, वाळवणी यंत्र यांना निम्म्याच्या आसपास अनुदान मिळू शकते. परंतु ज्याच्या घरी वर्षाला पन्नास-साठ किलो सुकी मिरी होते, त्याने अनुदान घेऊनही यंत्र का विकत घ्यावे? ते वर्षातले पंधरा दिवस चालेल आणि उरलेले दिवस मांगरात (बागेतल्या खोपीत) गंजत पडेल. मिरी हे थोड्याथोड्या प्रमाणात अनेकांकडे होणारे पीक आहे, म्हणून तिच्यावरची प्रक्रिया एकेकट्याने करण्यासारखी नाही. ती सहकारी संस्थेने करण्यासारखी आहे, आणि गोव्याला तर या बाबतीत सुरुवातही शून्यातून करावी लागणार नाही. फोंड्याची गोवा बागायतदार सहकारी खरेदी-विक्री संस्था सुपारी आणि काजू यांच्या व्यवहारात वर्षानुवर्षे उभी आहे, आणि बागायतदारांचा तिच्यावर विश्वास आहे. अशा संस्थांच्या केंद्रांवर हिरवी मिरी घेऊन ती तिथेच मळून, उकळून, वाळवून, प्रतवारी करून देण्याची सोय सरकारने उभी केली, तर तोच खर्च शेकडो घरांना उपयोगी पडेल.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे थांबण्याची ताकद. नीट वाळवलेली मिरी वर्ष-दोन वर्षे सहज टिकते. कोडगू आणि वायनाडमधले अनेक बागायतदार ती घरात ठेवतात आणि दर पाहून विकतात. आपल्याकडे लहान बागायतदार ती फेब्रुवारी-मार्चमध्येच विकतो, कारण काढणीची मजुरी द्यायची असते, शिमग्याचा खर्च असतो, आणि पुढे पावसाळ्यापूर्वी पोफळींवर बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारायला पुन्हा पैसे लागणार असतात. सगळेच एकदम विकायला येतात तेव्हा दर विकत घेणाऱ्याच्या हातात जातो. या अडचणीवर शेजारच्या महाराष्ट्राने १९९० पासून शेतमाल तारण कर्ज योजना चालवली आहे: बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, त्याच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी उचलायची, आणि दर बरा आला की माल विकून कर्ज फेडायचे. हळद आणि काजू बी हेही माल त्यात येतात. मिरीइतका तारणयोग्य शेतमाल दुसरा कुठला असेल, मला माहीत नाही. थोड्या जागेत मोठ्या किमतीचा माल मावतो आणि तो कुजत नाही. गोवा राज्य कृषी पणन मंडळाने आणि सहकारी संस्थांनी मिळून एवढी एक सोय मिरी आणि जायफळ यांच्यासाठी केली, तर नव्या रोपवाटिकेपेक्षा तिचा परिणाम अधिक दिसेल, असे माझे ठाम मत आहे.

इथे हमीभावाचा मुद्दा येतो आणि तो टाळता येत नाही. केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत मिरी, हळद, मिरची, वेलची यांपैकी एकही पीक नाही. गोवा सरकार मात्र भात, नारळ, काजू, सुपारी यांसारख्या पिकांना आधारभूत दर देते. शेतकरी नोंदणीकृत संस्थेला माल विकतो आणि बाजारभाव आधारभूत दरापेक्षा कमी असेल तर फरकाची रक्कम सरकार त्याच्या खात्यात भरते. ही योजना चांगली आहे. काजूचे दर कोसळले त्या वर्षांत सत्तरीतल्या कितीतरी घरांना तिने सावरले आहे, आणि म्हणूनच मिरीलाही असाच दर द्या, ही मागणी स्वाभाविक आहे. तरीही मी तिच्या बाजूने नाही, निदान या स्वरूपात नाही. दरातला फरक भरून देताना साडेपाचशे ग्रॅमची मिरी आणि चारशे ग्रॅमची मिरी यांत भेद केला नाही, तर चांगली मिरी वाळवण्याचे कष्ट कोणी का घ्यावेत? सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी कोचीनमध्ये मिरीचा दर करारानेच बांधून घेतला होता. परिणामी चांगला माल इतर व्यापाऱ्यांकडे वळला आणि पोर्तुगीजांच्या वखारीत ओला, माती-कचरा मिसळलेला माल येऊ लागला. तो दर विकत घेणाऱ्याच्या हिताचा होता आणि आजचा आधारभूत दर विकणाऱ्याच्या हिताचा असेल, हा फरक मोठा आहे; परंतु सरसकट एकच दर ठेवला की प्रत घसरते, हे दोन्हीकडे सारखेच लागू पडते. प्रतवारीनुसार आधारभूत दर ठरवायचा असेल तर माझी हरकत नाही, आणि त्यासाठीही आधी प्रतवारी करणारे केंद्र लागेलच.

राष्ट्रीय पातळीवर पाहिले तर मदतीचा ओघ कुणाकडे जातो हेही स्पष्ट दिसते. १९८७ मध्ये स्थापन झालेले कोचीचे मसाला मंडळ वाणिज्य मंत्रालयाखाली येते; वेलचीच्या संपूर्ण विकासाची जबाबदारी त्याच्याकडे आहे, पण इतर बहुतेक मसाल्यांच्या बाबतीत त्याचे काम प्रामुख्याने निर्यात आणि गुणवत्ता यांच्यापुरते आहे, तर त्यांच्या लागवडीचा विषय कृषी मंत्रालयाकडे. वेलचीला इडुक्कीतल्या पुट्टडी येथे आणि तमिळनाडूतल्या बोडिनायक्कनूर येथे ई-लिलावाची व्यवस्था मिळाली, त्यामुळे तिचा दर रोज सर्वांसमोर ठरतो. हळदीला निजामाबाद येथे मुख्यालय असलेले राष्ट्रीय मंडळ मिळाले. २०२५ मध्ये आंध्रातल्या लाल मिरचीचे दर पडले तेव्हा केंद्राने बाजार हस्तक्षेप योजनेखाली क्विंटलला ११,७८१ रुपये दर जाहीर केला. जिथे एका पिकाचे हजारो हेक्टर सलग पट्टे आहेत आणि त्यामागे मतदारसंघ आहेत, तिथे निर्णय लवकर होतात. आमचे कुळागर कोणाच्याच नकाशावर ठळक दिसत नाही. आणि मोठ्या पट्ट्यांतही सगळे आलबेल आहे असे नाही: मार्च २०२४ मध्ये कर्नाटकातल्या ब्याडगीच्या बाजार समितीत मिरचीचा दर अचानक कोसळल्यावर शेतकऱ्यांनी कार्यालयावर दगडफेक केली आणि गाड्या जाळल्या. लिलाव होता, बाजार समिती होती, पण पडलेल्या दरात माल न विकता घरी परतण्याची ऐपत नव्हती.

ब्याडगीच्या मिरचीवरून काणकोणातल्या खोला मिरचीकडे येणे भाग आहे, कारण गोव्याच्या बाजारात या दोघी शेजारी बसतात. खोलाच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर पिकणारी ही मिरची मुख्यतः स्त्रिया लावतात, खुडतात आणि वाळवतात. रंग गर्द, तिखटपणा बेताचा, त्यामुळे लोणच्याला आणि मासळीत भरायच्या रेशाद मसाल्याला तिला मागणी असते. तिला भौगोलिक मानांकन मिळाले, तसेच ते पेडण्यातल्या हरमल मिरचीलाही मिळाले, आणि राज्याच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्याने उत्पादकांना अर्जाच्या कामी मदत केली, हे श्रेय द्यायलाच हवे. पण मानांकन हा कायदेशीर हक्क आहे आणि हक्क बजावायला यंत्रणा लागते. बाजारात खोला म्हणून विकली जाणारी मिरची खरोखर खोलाची आहे का, हे तपासणारे कोणी नसेल, शुद्ध बियाण्याची राखण करणारे कोणी नसेल, तर नावाची किंमत ते नाव वापरणाऱ्या कोणाच्याही खिशात जाते. मानांकन मिळाल्याच्या समारंभाला जेवढा खर्च होतो, तेवढाच दरवर्षी बियाणे निवडण्यासाठी आणि मडगावच्या बाजारात उत्पादक स्त्रियांना स्वतःची जागा देण्यासाठी झाला, तर त्या मानांकनाचा अर्थ खोलाच्या घराघरांत कळेल.

जायफळाबद्दल थोडेच सांगतो. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने जायफळाच्या बाहेरच्या मांसल सालीपासून टॉफी बनवण्याची पद्धत विकसित केली. फळाच्या वजनाचा मोठा भाग असलेली ही साल नाहीतर झाडाखालीच कुजते. संशोधन झाले आहे, घ्यायला तयार स्वयंसाहाय्य गटही आहेत. मधले परवाने, वेष्टन आणि विक्री यांत बहुतेकांचे पाऊल अडते.

आणखी एक गोष्ट फक्त गोव्याची आहे आणि तिच्याबद्दल मला विशेष तळमळ वाटते. अनुदान, आधारभूत दर, नुकसानभरपाई, या सगळ्यांसाठी कृषी कार्ड लागते आणि कृषी कार्डासाठी जमिनीचा कागद लागतो. आमच्याकडची कुळागरे पुष्कळदा सामाईक असतात. फॉर्म एक-चौदा या जमिनीच्या उताऱ्यावर आजोबांचे किंवा त्यांच्या भावांचे नाव असते, वारसांतले काही मुंबईला, काही पोर्तुगालला असतात, आणि वेलींना पाणी घालणारा एकटाच गावात असतो. काही ठिकाणी तो कूळ आहे आणि १९७६ च्या कूळ कायदा दुरुस्तीनंतर इतकी वर्षे होऊनही त्याच्या नावाची नोंद झालेली नाही. सत्तरीत तर मोकाशांच्या, म्हणजे जुन्या इनामदारांच्या, जमिनीवर पिढ्यान्पिढ्या कसणाऱ्यांना मालकीच नाही. वारसा हक्काचे दावे मिटेपर्यंत बाग थांबत नाही. पंचायत आणि कृषी अधिकारी यांनी मिळून प्रत्यक्ष कसणाऱ्याची पाहणी करावी, आणि निदान वाळवणी, तारण कर्ज आणि विक्री यांच्या सोयींसाठी तो दाखला पुरेसा मानावा. जमिनीच्या मालकीचा वाद त्याने सुटणार नाही, सुटावा अशी अपेक्षाही नाही. पण ज्याच्या हातची मिरी आहे त्याला मिरीचे पैसे मिळण्यात तो वाद आड येऊ नये.

यावर आक्षेप घेतला जातो की गोव्यात मसाल्यांचे उत्पादन मुळातच थोडे, त्यासाठी सार्वजनिक पैसा किती ओतायचा? केरी, सावईवेरे, कुर्टी इथल्या बागांनी पर्यटकांना कुळागर दाखवून, जेवण वाढून आणि मसाल्याची पाकिटे विकून स्वतःच बाजारपेठ उभी केलीच ना? केली, आणि कौतुकास्पद केली. चांगला वाळवलेला, निवडलेला माल थेट ग्राहकाला विकला तर त्याची किंमत किती वाढते, हे त्यांनी दाखवून दिले. परंतु रस्त्यालगत मोठी बाग, पार्किंगची जागा आणि भांडवल असणाऱ्यांनाच ते शक्य आहे. नेत्रावळीच्या आतल्या वाड्यावर पर्यटकांची बस पोहोचत नाही. शिवाय प्रत्येक उपायाला पैसाच लागतो असेही नाही. शेतकऱ्याने वाळवून विकलेल्या मिरीवर जीएसटी लागतो की नाही, हा गोंधळ कित्येक वर्षे होता; डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने स्पष्ट केले की शेतकरी स्वतःची मिरी विकत असेल, मग ती हिरवी असो वा वाळवलेली, तर तिच्यावर कर नाही. एका खुलाशाने बागायतदारांची धास्ती गेली आणि अनुदानाचा एक रुपयाही खर्च झाला नाही.

राज्याचा अर्थसंकल्प बहुधा मार्चमध्ये मांडला जातो आणि मिरीची काढणी तोवर बहुतांशी आटोपलेली असते. म्हणजे यंदा तरतूद झाली तरी तिचा उपयोग पुढच्या जानेवारीला व्हायचा आहे, आणि त्यासाठी जागा ठरवणे, शेड उभारणे, मळणी आणि वाळवणीची यंत्रे बसवणे, संस्थेच्या माणसांना प्रतवारी शिकवणे, तारण कर्जासाठी बँकेशी करार करणे, ही सगळी कामे गणेश चवथीपूर्वी सुरू व्हायला हवीत. प्रत्येक तालुक्यात एकदम नको. फोंडा आणि सांगे या दोन ठिकाणी एक-एक केंद्र तीन हंगाम चालवावे, तिथे आलेल्या मिरीला मिळालेला दर आणि घरी वाळवलेल्या मिरीला मिळालेला दर शेजारी शेजारी जाहीर फलकावर लिहावेत, आणि रोपांवरच्या अनुदानातला किती हिस्सा तिकडे वळवायचा, हे त्या आकड्यांवरून विधानसभेने ठरवावे.